वनशिबिराची पूर्वतयारी

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या की शिक्षकांच्या खोलीत एक विषय हमखास निघतो : यंदा मुलांना कोठे न्यावयाचे? कोणी समुद्रकिनाऱ्याचे नाव घेतो, कोणी किल्ल्याचे, तर कोणी सह्याद्रीच्या पायथ्याशी दोन रात्रींचे वनशिबिर सुचवितो. जागा ठरते, बसचे भाडे विचारले जाते, वर्गणीचा आकडा फळ्यावर लिहिला जातो आणि तयारी झाली असे आपण समजतो. वस्तुतः तयारीला तेथून प्रारंभ व्हावयाचा असतो.

हे सांगण्याचे कारण गंभीर आहे. ८ जून २०१४ रोजी हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीनिमित्त हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरले असताना वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्याचा लोंढा आला आणि त्यात २४ विद्यार्थी वाहून गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शालेय सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. त्या नौकेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. दोन्ही प्रसंगी मुले आनंदात होती, हवा चांगली होती आणि काही क्षणांपूर्वीपर्यंत कोणालाही धोका दिसत नव्हता. वरच्या अंगास धरण आहे काय, या नौकेत किती माणसे बसू शकतात, हे प्रश्न मात्र काठावर पोहोचण्यापूर्वीच विचारावयाचे होते.

शिबिराची सुरक्षितता शिबिरात मिळवता येत नाही. ती घरून बरोबर न्यावी लागते. या लेखात गोव्यातील एका नेहमीच्या उदाहरणाच्या आधारे ही तयारी टप्प्याटप्प्याने पाहावयाची आहे. उदाहरण असे : ४० विद्यार्थी, ४ शिक्षक, डिसेंबर महिना, दोन रात्री व तीन दिवस, आणि जागा मोले परिसरातील एखादा वाडा. आकडे बदलले तरी पद्धत तीच राहील.

शिबिराचा हेतू

शालेय शिबिराची कल्पना आपल्याकडे बालवीर चळवळीतून आली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर भरविले. ‘सदैव तयार’ हे त्या चळवळीचे ब्रीद आहे. भारतात १९५० मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना स्थापन झाली आणि मध्य प्रदेशातील पचमढी येथे तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने सात दिवसांचे विशेष शिबिर महाविद्यालयीन शिक्षणाशी जोडले.

या परंपरेतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ‘तयार असणे’ हा या शिक्षणाचाच विषय होता. म्हणून तयारी शिक्षकांनी गुपचूप उरकून मुलांना आयते शिबिर देणे म्हणजे निम्मा पाठ गाळणे होय. एक जाड शंभर पानी वही घ्यावी, तिला ‘शिबिराची वही’ म्हणावे आणि पाणी, अन्न, आरोग्य, सामान, प्रवास व स्वच्छता असे सहा गट करून प्रत्येक गटाने आपापली पाने भरावीत. शिक्षकाने ती तपासावीत. निघण्याच्या दिवशी ही वही बरोबर असावी आणि तिची एक प्रत मुख्याध्यापकांच्या टेबलावर राहावी.

जागेची पाहणी

मोले येथील भगवान महावीर अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचा वनप्रदेश आहे. पणजीहून बेळगावकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ६० किलोमीटर अंतरावर मोले लागते. रेल्वेने येणाऱ्यांसाठी कुळे स्थानक जवळ आहे. येथून तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेव मंदिर पाहून एका दिवसात परतता येते. शिबिरासाठी प्रदेश उत्तम आहे, यात शंका नाही.

तथापि प्रदेश उत्तम असणे आणि मुक्कामाची जागा योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किमान दोन शिक्षकांनी प्रत्यक्ष जाऊन जागा पाहावी आणि शक्यतो तेथे एक रात्र काढावी. दिवसा रम्य वाटणारी जागा रात्री कशी आहे, पहाटे गारठा किती पडतो, गावात दिवे किती वाजेपर्यंत असतात, मोबाईलची लहर कोठे मिळते, हे तेथे राहिल्याविना कळत नाही. पणजीच्या हवेवरून घाटाखालच्या पहाटेचा अंदाज करू नये.

पाहणी केव्हा केली यालाही महत्त्व आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या शिबिराचे वृत्त घेण्यासाठी प्रस्तुत लेखक गेला होता. शिक्षकांनी नोव्हेंबरच्या आरंभी जागा पाहिली होती. विहीर तेव्हा काठोकाठ होती. शिबिर भरले फेब्रुवारीच्या मध्यास. पहिल्या संध्याकाळी मुलांनी कळशी सोडली ती अधांतरी लोंबकळत राहिली. पाणी चार हात खाली गेले होते आणि दोर तेवढा नव्हता. भात शिजविण्याची वेळ झालेली, मुले प्रवासाने तहानलेली आणि जवळचे दुकान तीन किलोमीटरवर. अखेर वाड्यावरील एका वृद्ध बाईने आपला दोर आणि कळशी आणून दिली. ती हसत म्हणाली, “बाबांनो, विहीर दर महिन्याला वेगळी असते.” त्या शिबिरातील कोणत्याही व्याख्यानापेक्षा हे वाक्य मुलांच्या अधिक लक्षात राहिले असेल. पाहणी शिबिराच्या आधी दोन आठवड्यांच्या आत पुन्हा एकदा करावी, हा त्याचा अर्थ.

मुक्कामासाठी गावातील शाळेची इमारत किंवा समाजमंदिर मिळत असेल तर लहान मुलांसाठी तेच उत्तम. तंबू ठोकावयाचे असतील तर जागा सपाट व किंचित उंच असावी. ओढ्याच्या कोरड्या पात्रात, वाळलेल्या फांद्यांच्या वृक्षाखाली, माडाखाली किंवा जनावरांच्या पाणवाटेवर तंबू लावू नये. गोव्यात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. परंतु परतीच्या पावसाच्या सरी ऑक्टोबरमध्येही अचानक कोसळतात. म्हणून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी अखेरपर्यंतचा काळ निवडावा.

पाण्याचा हिशेब

पाणी गटाने करावयाचा हिशेब हा गणिताचा चांगला पाठ आहे. पिण्यासाठी प्रत्येकी ३ लिटर व स्वयंपाकासाठी २ लिटर, भांडी व हातपाय धुण्यास ५ लिटर आणि स्नानासाठी एक बादली, म्हणजे १५ लिटर, असे धरल्यास माणशी रोजचे २५ लिटर होतात. ४४ माणसांना रोज १,१०० लिटर पाणी लागेल. दहा लिटरच्या कळशीने मोजल्यास या ११० कळशा होतात. विहिरीवर एकच रहाट असेल आणि एक कळशी ओढण्यास दोन मिनिटे लागत असतील तर यासाठी २२० मिनिटे, म्हणजे तीन तास चाळीस मिनिटे लागतील.

हा आकडा मुलांनी स्वतः काढला की दोन प्रश्न आपोआप उभे राहतात. पाणी ओढण्याचे काम कोणी व केव्हा करावयाचे? आणि ज्या विहिरीवर वाड्यातील दहाबारा घरे अवलंबून आहेत तिच्यातून रोज ११० कळशा पाणी उपसण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पंचायतीला व वाड्यावरील लोकांना आधी विचारावे, त्यांच्या पाणी भरण्याच्या वेळा सोडून आपली वेळ ठरवावी, स्नान अर्ध्या बादलीत भागवावे आणि गरज असल्यास पाण्याची टाकी भाड्याने मागवावी. पाहुण्याने यजमानाची विहीर आटवू नये.

पिण्याचे पाणी वरून स्वच्छ दिसले तरी ते शुद्ध आहे असे समजू नये. रोज लागणारे १३२ लिटर पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे. हे काम रात्री जेवणे झाल्यावर करावे, म्हणजे सकाळपर्यंत पाणी निवते. उकळणे शक्य नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असेल तर ते आधी जाड कापडातून गाळून घ्यावे, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनचा परिणाम घटतो. पिण्याच्या पाण्याच्या भांड्यात हात किंवा पेला बुडविला जाऊ नये यासाठी तोटीचे पिंप किंवा लांब दांड्याचे ओगराळे वापरावे.

शौचाची व्यवस्था हा पाण्याचाच भाग होय. गावात शौचालय उपलब्ध नसेल तर चर खणावा. तो विहीर, ओढा किंवा झऱ्यापासून किमान ३० मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगास असावा. प्रत्येक वापरानंतर माती टाकावी आणि निघताना चर पूर्ण बुजवावा. मुलींसाठी स्वतंत्र, आडोशाची व रात्री दिवा असलेली सोय नसेल तर ती जागा शिबिरासाठी अयोग्य समजावी.

अन्न आणि इंधन

पहिल्या दिवसाचे दुपारचे जेवण प्रत्येकाने घरून बांधून आणावे. उरतात चार जेवणे आणि दोन न्याहाऱ्या. माणशी एका जेवणास १२५ ग्रॅम तांदूळ धरला तर ४४ जणांना साडेपाच किलो, चार जेवणांना २२ किलो. डाळ माणशी ४० ग्रॅमप्रमाणे चार जेवणांना सुमारे ७ किलो. न्याहारीचे पोहे माणशी ७५ ग्रॅमप्रमाणे एका वेळेस ३ किलो ३०० ग्रॅम. वाढत्या वयाची मुले दिवसभर चालून आल्यावर घरच्यापेक्षा अधिक जेवतात, म्हणून या आकड्यांवर एक दशांश वाढवून सामान घ्यावे.

पदार्थ साधे ठेवावेत. भात, वरण, उसळ, पोहे, केळी, चणे आणि गूळ एवढ्यावर तीन दिवस उत्तम निभावतात. मासळी, दूध व खोबऱ्याचे वाटण उन्हात लवकर बिघडते, ते टाळावे. सकाळी शिजविलेले अन्न रात्रीसाठी ठेवू नये. एखाद्या मुलास शेंगदाणे, अंडे किंवा अन्य पदार्थ सोसत नसल्यास त्याची नोंद अन्न गटाच्या पानावर ठळक असावी.

इंधनाबाबत अनेकांची समजूत अशी असते की रानात सरपणास काय तोटा? हा विचार सोडून द्यावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात परवान्याविना प्रवेश करण्यास निर्बंध आहेत आणि आग लावण्यास मनाई आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या अनेक वनभागांत आगी लागल्या आणि त्या विझविण्यासाठी वायुसेना व नौदल यांची हेलिकॉप्टरे आणावी लागली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. वाळलेल्या पाचोळ्यावर पडलेली एक ठिणगी किती दूर जाईल हे कोणालाही सांगता येत नाही. म्हणून गॅसची शेगडी न्यावी आणि स्वयंपाक गावातील मोकळ्या, झाडलेल्या जागेवर करावा. शेकोटी हा शिबिराचा आत्मा मानला जातो; पण दोन कंदील मध्ये ठेवून भोवती म्हटलेली गाणी तितकीच गोड लागतात.

परवानग्या आणि पत्रे

प्रवास गटाने पुढील पत्रांची यादी करून प्रत्येकापुढे तारीख लिहावी : शिक्षण खात्याची अनुमती, वन खात्याचा परवाना, पंचायतीस पत्र, नजीकच्या पोलीस ठाण्यास सूचना, आरोग्य केंद्रास सूचना आणि पालकांचे संमतिपत्र. वन खात्याकडे अर्ज किमान एक महिना आधी जावा. त्या कार्यालयात नुसता अर्ज देऊन परतू नये. कोणत्या वाटा बंद आहेत, जनावरांचा वावर कोठे आहे, वाटाड्या मिळेल काय, हे तेथील वनरक्षकाइतके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

संमतिपत्र ही केवळ सहीची औपचारिकता नव्हे. त्यात मुलाचा रक्तगट, नेहमीची औषधे, दमा किंवा फिट येणे यांसारखी व्याधी, पोहता येते की नाही, आणि पालकांचे दोन दूरध्वनी क्रमांक असावेत. पालकांनीही काही लपवू नये. मूल नेले जाणार नाही या भीतीने दम्याची गोष्ट सांगितली नाही, तर मध्यरात्री त्याचे औषध कोणाकडे मागावयाचे?

आरोग्य : चार गोष्टी

पहिली गोष्ट माकडतापाची. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर वनात प्रथम आढळलेला हा आजार २०१५ पासून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही दिसून आला आहे. तो वनातील गोचिडीच्या चाव्याने होतो आणि त्याचा जोर साधारणतः डिसेंबर ते मे या काळात असतो, म्हणजे नेमका शिबिरांच्याच मोसमात. म्हणून जागा ठरविण्यापूर्वी आरोग्य केंद्रात चौकशी करावी आणि त्या भागात रुग्ण अथवा मेलेली माकडे आढळली असतील तर दुसरी जागा निवडावी. वनात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा व लांब विजार घालावी, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत आणि उघड्या त्वचेस आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने कीटकरोधक तेल लावावे. पाचोळ्यावर बसू वा लोळू नये. परतल्यावर कपडे बदलून गरम पाण्याने व साबणाने स्नान करावे आणि काखा, मान, कानामागे गोचीड नाही ना हे पाहावे. मेलेल्या माकडाजवळ कोणीही जाऊ नये. वन खात्यास कळवावे. गोचीड चावल्यावर साधारणतः तीन ते आठ दिवसांत ताप येतो, म्हणजे तोवर मूल घरी परतलेले असते. म्हणून शिबिरानंतर मुलास ताप आल्यास डॉक्टरांना ‘हा वनात राहून आला आहे’ हे सांगणे पालकांचे काम आहे.

दुसरी गोष्ट सर्पदंशाची. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्या भागात आहेत. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, त्यामुळे झोपेत चावल्याचे कळत नाही. यावर सर्वांत सोपा उपाय मच्छरदाणी हा होय. तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या असाव्यात. रात्री विजेरीविना आणि पायात काही घातल्याविना कोणी बाहेर पडू नये. बूट घालण्यापूर्वी झटकावेत. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे हे सर्व प्रकार घातक आहेत. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढाव्यात, मोडलेल्या हाडास बांधतात तशी फळी बांधून तो अवयव स्थिर ठेवावा, मुलास चालू देऊ नये आणि थेट रुग्णालयात न्यावे. साप मारण्यात किंवा मांत्रिक शोधण्यात घालविलेला वेळ परत मिळत नाही. सर्पविषरोधक औषध कोणत्या केंद्रात आहे, फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे आरोग्य गटाच्या पानावर आधीच लिहिलेले हवे.

तिसरी गोष्ट मधमाशांची. उंच वृक्षांवर, कड्यांवर आणि जुन्या वास्तूंवर आग्या मोहोळ असते. धूर, दगड, गोंगाट आणि उग्र अत्तर यांनी ते उठते. मोहोळ दिसल्यास तेथून शांतपणे दूर व्हावे. माशा अंगावर आल्याच तर डोके व चेहरा कापडाने झाकून धावत बंदिस्त जागी जावे. पाण्यात उडी मारू नये.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाण्यात उतरण्याची. नदी, ओढा, धबधब्याचा डोह किंवा सोडून दिलेल्या खाणीचे पाणी वरून शांत दिसते. खालची खोली व ओढ दिसत नाही. शालेय शिबिरात नियम एकच असावा : स्नान बादलीने. अपवाद करू नये, कारण एका पोहणाऱ्या मुलासाठी केलेला अपवाद न पोहणाऱ्या दहा मुलांना पाण्यात ओढतो. बुडणाऱ्यामागे कोणीही उडी घेऊ नये. दोर, काठी, धोतर किंवा रिकामा बंद डबा त्याच्याकडे टाकावा. आणीबाणीसाठी १०८ आणि ११२ हे क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावेत. मात्र वनात लहर मिळत नाही, म्हणून ती जेथे मिळते ती नजीकची जागा वहीत लिहावी आणि एक वाहन रात्रंदिवस मुक्कामी ठेवावे.

सामान आणि सराव

प्रत्येकाच्या पिशवीत असावे : दोन जोड कपडे, त्यांतील एक पूर्ण बाह्यांचा; बूट व मोजे; चादर, पांघरूण व मच्छरदाणी; ताट, वाटी व पेला; पाण्याची बाटली; विजेरी; टोपी; साबण; शिटी; स्वतःची औषधे; आणि नाव, शाळा व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद. सामायिक सामानात दोर (पाहणीत मोजलेल्या खोलीपेक्षा पाच मीटर अधिक), कळश्या, कुदळ, फावडे, कंदील, प्रथमोपचार पेटी आणि कचऱ्यासाठी पोती असावीत. दागिने, महागडे मोबाईल आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनातला खाऊ घरी राहावा.

निघण्याच्या आठ दिवस आधी एका शनिवारी शाळेच्या पटांगणावर सराव घ्यावा. प्रत्येकाने आपली पिशवी स्वतः भरून, पाठीवर घेऊन पटांगणाला दहा फेऱ्या माराव्यात. ज्याला पिशवी जड होईल तो स्वतःच चार वस्तू काढून ठेवील. तंबू उभारावेत, शेगडी पेटवून एक वेळचा भात करावा. कोणत्या पातेल्यास झाकण नाही, कोणत्या विजेरीत घट नाही, कोणत्या तंबूचा खुंटा मोडका आहे, हे येथे कळते आणि येथे ते दुरुस्त करता येते.

गणती आणि जोडी

दहा मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कमी होऊ देऊ नये. मुली असतील तर शिक्षिका हवीच. मुलांच्या जोड्या लावाव्यात. जोडीदाराविना कोणी कोठेही जाणार नाही, शौचासही नाही. बसमध्ये चढताना, उतरताना, वनात शिरताना, बाहेर पडताना, जेवणापूर्वी आणि झोपण्यापूर्वी गणती व्हावी. मुलांनी क्रमांक म्हणावा आणि शिक्षकाने बोटाने मोजावे. वाटेने चालताना एक शिक्षक सर्वांच्या पुढे व एक सर्वांच्या मागे राहावा. सर्वांत सावकाश चालणाऱ्या मुलाची चाल हीच तुकडीची चाल समजावी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दाट झाडीत अंधार त्याआधीच उतरतो. तेव्हा साडेचारपर्यंत मुक्कामी परतावे.

वहीचे शेवटचे पान

आता वहीच्या शेवटच्या पानाविषयी. बहुतेक आराखड्यांत ते नसते. या पानावर ‘आपण केव्हा जाणार नाही आणि केव्हा परत फिरू’ एवढेच लिहावयाचे असते. उदाहरणार्थ : हवामान खात्याने मुसळधार पावसाचा इशारा दिला तर जाणार नाही. परिसरात माकडतापाचा रुग्ण आढळला तर जाणार नाही. विहिरीचे पाणी पुरेसे नसेल आणि टाकीची सोय झाली नाही तर जाणार नाही. शिक्षकांची संख्या ठरल्यापेक्षा कमी झाली तर जाणार नाही. कोणा मुलाला ताप आला, किंवा ओढ्याचे पाणी वाढू लागले, तर परत फिरू. हा निर्णय कोण घेईल त्या शिक्षकाचे नाव लिहावे आणि त्या निर्णयावर कोणीही वाद घालणार नाही असे सर्वांनी कबूल करावे.

हे पान घरी का लिहावयाचे? कारण ऐन वेळी ते लिहिता येत नाही. बस दारात उभी असते, वर्गणी जमलेली असते, मुले महिनाभर दिवस मोजत असतात. अशा वेळी ‘आज नको’ म्हणणारा शिक्षक भित्रा ठरतो, आणि तो आपले मन मोडून ‘बघू या’ म्हणतो. हे ‘बघू या’ फार महाग पडते. आधीच लिहून ठेवलेले असेल तर तो निर्णय त्याच्या एकट्याचा राहत नाही. तो सर्वांचा, मुलांचाही, असतो. पालकांनी आणि अधिकाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. शिबिर रद्द करणाऱ्या शिक्षकाला खर्चाचा जाब विचारण्यापूर्वी त्याने कोणत्या कारणाने ते रद्द केले हे वहीत वाचावे, आणि कारण योग्य असेल तर त्याची पाठ थोपटावी.

गाव सोडताना

शिबिर संपल्यावर जागा आपण आलो तेव्हा होती त्याहून स्वच्छ असावी. कचरा पोत्यांत भरून परत न्यावा. वनात पुरू नये, कारण जनावरे तो उकरतात. पंचायतीचे, वनरक्षकाचे आणि वाड्यावरील लोकांचे आभार मुलांनी स्वतः घरोघर जाऊन मानावेत. पुढल्या वर्षी येणाऱ्या शाळेचे स्वागत होईल की नाही, हे आपण आज मागे काय ठेवून जातो यावर अवलंबून असते. शाळेत परतल्यावर त्याच वहीत दोन पाने लिहावीत : काय कमी पडले आणि काय जादा झाले. ही पाने पुढील तुकडीच्या कामी येतील.

वर्गात करावयाचे पाठ

१. तुमच्या शिबिरात ३२ विद्यार्थी व ४ शिक्षक आहेत. माणशी २५ लिटर धरून रोज किती पाणी लागेल? १० लिटरच्या किती कळशा होतील? स्नानाचे पाणी निम्मे केल्यास किती कळशा वाचतील?

२. तुमच्या घराजवळील विहिरीची पातळी नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोराने मोजा आणि आलेख काढा.

३. शाळेपासून नजीकचे आरोग्य केंद्र व रुग्णालय दाखविणारा नकाशा काढा आणि वाहनाने लागणारा वेळ त्यावर लिहा.

४. गटात चर्चा करून ‘आपण केव्हा परत फिरू’ याची पाच कारणे लिहा. प्रत्येक कारणापुढे ते ओळखण्याची खूण लिहा.

शिबिरात मुले पक्षी ओळखतात, तारे पाहतात, स्वतःच्या हाताने भात शिजवितात आणि चार दिवसांपूर्वी ज्याच्याशी बोलणेही नव्हते त्याच्याबरोबर एक पांघरूण वाटून घेतात. हे सर्व त्यांना लाभलेच पाहिजे. भीतीपोटी मुलांना घरात बसविणे हा उपाय नव्हे. निघालेली चाळीस मुले तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजली असता चाळीसच भरावीत, एवढीच आपली जबाबदारी आहे. ती वहीच्या पहिल्या पानापासून सुरू होते.